वसाहतीखालचे गाव

बंगळूरची मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी पहिल्यांदा धावली. बैयप्पनहळ्ळीपासून महात्मा गांधी रस्त्यापर्यंत एवढाच तो पहिला टप्पा होता आणि त्यावर सहा स्थानके होती. त्यांतील एकाचे नाव इंदिरानगर. नव्या वाहनाने सर्वांआधी या वसाहतीची वाट धरावी, यात नवल काहीच नव्हते. कारण इंदिरानगर ओळखले जाते ते त्याच्या नवेपणामुळेच. एकोणीसशे सत्तरच्या दशकात शहराच्या पूर्वेला ही वसाहत आखली गेली आणि तिला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांना नावांऐवजी क्रमांक, आणि मधून जाणारा, केवळ रुंदीवरून नाव पडलेला शंभर फुटी रस्ता. प्रारंभी येथे निवृत्त लष्करी अधिकारी आणि सरकारी नोकर यांचे बंगले होते. पुढे संगणकाचा व्यवसाय वाढला, बंगल्यांच्या जागी अनेक मजल्यांच्या इमारती आल्या, आणि पुण्याहून, नागपुराहून, कोल्हापुराहून आलेली मराठी तरुण मंडळीही या रस्त्यांवर दिसू लागली.

ज्या वस्तीतील बहुतेक माणसे दुसरीकडून आलेली आहेत, तेथे स्थानिक इतिहासावरचे व्याख्यान ऐकायला कोण जाईल, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु माणसे जातात. इंदिरानगरला लागूनच डोमलूर आहे. तेथे बंगळूर इंटरनॅशनल सेंटर या संस्थेची वास्तू २०१९ मध्ये उभी राहिली आणि तिच्या सभागृहात विज्ञान, संगीत, राजकारण यांच्या जोडीने या शहराच्या पूर्वेतिहासावरही व्याख्याने होतात. श्रोत्यांत नोकरीसाठी येऊन चारपाच वर्षे झालेला तरुण असतो, तीस वर्षे भाड्याच्या घरात राहिलेले गृहस्थ असतात, आणि क्वचित एखादे असेही वृद्ध असतात की, ज्यांच्या वडिलांनी आजच्या वसाहतीच्या जागी नाचणी पेरली होती. वक्ता बोलू लागला की पहिल्या दोघांच्या वह्या उघडतात. तिसरा मात्र केवळ मान हलवतो. व्याख्यान कोणासाठी आहे, हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

या सभागृहापासून फार दूर नाही असे एक देऊळ आहे. त्याचे नाव चोक्कनाथस्वामी. मदुरेत चोक्कनाथ हे शंकराचे नाव. डोमलुरात मात्र त्या नावाने विष्णूची पूजा होते. देऊळ चोळांच्या काळातील, आणि त्याच्या दगडांवर तमिळ शिलालेख आहेत. त्यांत या गावाला तोंबलूर असे म्हटले आहे आणि देशिमाणिक्कपट्टणम् असे एक भारदस्त दुसरे नावही दिले आहे. पट्टण म्हणजे बाजारपेठेचे ठिकाण. तेव्हा ज्या जागी आज मोठाल्या कचेऱ्या आहेत, तेथे सातशे-आठशे वर्षांपूर्वी व्यापारी उतरत असावेत.

परंतु इंदिरानगरच्या रहिवाशांना चकित करणारा लेख वेगळा आहे. तो सुमारे १२७० मधील, होयसळ राजा रामनाथ याच्या कारकीर्दीतील. तलैक्काट्टु नावाच्या एका गृहस्थाने आणि त्याच्या पत्नीने देवाला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. दान कशाचे? जलपळ्ळी गावाच्या आणि विण्णमंगलम् येथील तळ्याच्या उत्पन्नाचे. आता इंदिरानगर ज्या जमिनीवर उभे आहे, तिच्या जुन्या गावाचे नाव बिन्नमंगल. वसाहत आखली गेली तेव्हा आजूबाजूची शेते गेली, पण गावाचे नाव जमिनीच्या कागदांत राहिले आणि आजही काही फलकांवर दिसते. तमिळमधील ‘वि’ कन्नडमध्ये ‘बि’ होणे हे नित्याचे आहे. तेव्हा लेखातील विण्णमंगलम् म्हणजे हेच बिन्नमंगल असावे. केवळ पन्नास वर्षांची समजली जाणारी वसाहत एका दानलेखामुळे एकदम साडेसातशे वर्षांची होते. वसाहतीच्या नकाशात ज्याचा मागमूस नाही, ते तळे त्या काळी देवाच्या दिव्यातेलाची सोय करण्याइतके भरत होते.

हा लेख वाचला कोणी, हेही सांगण्यासारखे आहे. बेंजामिन लुइस राइस हा बंगळुरातच १८३७ मध्ये जन्मलेला, मिशनऱ्याचा मुलगा. म्हैसूर संस्थानातील हजारो शिलालेखांची नोंद त्याने केली. गावोगाव माणसे पाठवायची, ठसे घ्यायचे, पाठ तयार करायचा आणि छापायचा, असा हा उद्योग अनेक वर्षे चालला. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेतील बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात डोमलूर आहे, आजूबाजूची कितीतरी खेडी आहेत. त्यांतील बहुतेक खेडी आज शहराच्या पोटात गेली आहेत. त्या वेळी राइसच्या माणसांनी ‘गावाच्या पूर्वेस, शेतातील दगडावर’ अशा धर्तीची खूण लिहून ठेवली. आज ते शेत नाही, पूर्व दिशा इमारतींनी अडवली आहे आणि दगड कोठे गेला ते विचारायला गावकरीही नाहीत.

पुढे म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार्य यांनी १९१४-१५ च्या सुमारास बेगूर येथील एक लेख प्रसिद्ध केला. तो सुमारे इ.स. ८९० चा आहे, आणि त्यात ‘बेंगळुरूच्या लढाईत’ एक माणूस पडल्याचा उल्लेख आहे. शहराच्या नावाविषयीची गोष्ट तोवर सर्वांच्या तोंडी होती. वीरबल्लाळ राजा शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे दिले, आणि म्हणून गावाचे नाव उकडलेल्या दाण्यांचे गाव असे पडले. वीरबल्लाळ बाराव्या शतकाच्या अखेरचा; दगडावरचे नाव त्याहून तीनशे वर्षे आधीचे. म्हातारीची गोष्ट त्यामुळे इतिहासातून गेली. पण लोकांच्या मनातून ती गेलेली नाही, आणि चांगला वक्ता तिची टवाळीही करीत नाही. तो प्रथम ती गोष्ट सांगतो आणि मग दगड दाखवतो.

अशी व्याख्याने बंगळुरात काही आज सुरू झालेली नाहीत. मिथिक सोसायटी ही संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. फादर तबार्ड यांनी तिचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. निबंध वाचायचा, चर्चा करायची आणि तो त्रैमासिकात छापायचा, असा तिचा परिपाठ. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९१० मध्ये, पुण्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. दोन शहरे, जवळजवळ एकच वेळ, आणि कामाची रीतही पुष्कळशी सारखी. परंतु एका ठिकाणी इंग्रजीतून साहेब आणि सुशिक्षित नागरिक बोलत होते, तर दुसऱ्या ठिकाणी मराठीतून, बरीचशी भांडत भांडत, कागदांची छाननी चालू होती. या दोन ठिकाणी निघालेल्या वस्तू एकमेकींशेजारी ठेवल्या, म्हणजे बंगळूरच्या इतिहासाचे एक प्रकरण पुरे होते. मराठी श्रोत्याला त्याचेच कुतूहल अधिक असते.

ते प्रकरण शहाजीराजांचे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेले बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने घेतले. सेनापती रणदुल्लाखान होता आणि त्याच्यासमवेत शहाजीराजे होते. बंगळूर राजांच्या जहागिरीत आले आणि त्यांनी येथे आपले ठाणे केले. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्या दरबाराचे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात केले आहे. राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयराम दरबारात आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले, कारण बारा भाषांत कविता करण्याची त्याची तयारी होती. संस्कृत, प्राकृत, मराठी, कन्नड आणि आणखी कित्येक भाषा ज्याला ऐकवाव्यात असा दरबार त्या काळी बंगळुरात भरत होता. आज या शहरातील बसमध्ये जितक्या भाषा कानांवर पडतात, त्यांची संख्या जयरामाच्या नारळांहून फार वेगळी नसावी!

डोमलूरसारख्या सभागृहात हे प्रकरण निघाले की, श्रोत्यांतील मराठी माणूस हमखास हात वर करतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो: शिवाजी महाराज बंगळुरात कोठे राहत होते? महाराजांचे बालपणीचे काही दिवस येथे गेले, ही गोष्ट निराधार नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त शहाजीराजांनी बारा वर्षांच्या शिवाजीराजांना बंगळुराहून पुण्याकडे रवाना केल्याचे वर्णन आहे. एवढे ठामपणे सांगता येते. जुन्या पेठेत गौरीमहाल नावाचा वाडा होता, सोयराबाईंशी विवाह येथेच झाला, या गोष्टी परंपरेने आणि बखरींनी सांगितलेल्या आहेत. त्या खोट्या आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्यांच्या आधारावर एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यावर बोट ठेवून ‘येथेच’ म्हणणे हे इतिहासाचे काम नव्हे. प्रामाणिक वक्ता येथे थांबतो. प्रश्न विचारणारा थोडा हिरमुसला होतो. त्याचे हिरमुसणे समजण्यासारखे आहे. घरापासून आठशे-नऊशे किलोमीटर दूर आलेल्या माणसाला एखादी ओळखीची खूण हवी असते.

ती खूण आहे, परंतु तो शोधतो त्या जागी ती नाही. मल्लेश्वरम् या भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. काडु म्हणजे रान. देऊळ एके काळी रानातच होते. तेथे १६६९ मधील, शके १५९१ चा, एक शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यावर कोरली आहे. भाषा कन्नड, लिपी कन्नड. भोसल्यांच्या घरातील राजा दान देतो, ते स्थानिक देवाला देतो, आणि ते स्थानिक लोकांना वाचता येईल अशा भाषेत लिहवून ठेवतो. जो मराठी श्रोता या शहरात मराठेपणाची निशाणी शोधत आलेला असतो, त्याला मिळते ती ही कन्नड अक्षरांतील निशाणी. काहींचे समाधान होत नाही. काहींना मात्र आपण येथे कसे राहावे याचे उत्तरच मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः यात आश्चर्य कशाचे? पराक्रमी पुरुषाच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या दगडाला मराठी माणूस ज्या शब्दाने ओळखतो, तो ‘वीरगळ’ हा शब्दच कन्नडमधून आलेला आहे. त्यातील ‘गळ’ म्हणजे कन्नडमधील ‘कल्लु’, दगड.

मल्लेश्वरम् आणि इंदिरानगर यांची तुलना येथे सुचते. मल्लेश्वरम् हीही एके काळची नवी वसाहतच. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतील दाटीतून माणसे बाहेर पडली आणि तिकडे वस्ती वाढली. परंतु त्या वसाहतीने मल्लापूरच्या देवाचे नाव धारण केले, त्यामुळे तिच्या रहिवाशाला आपल्या पायाखाली काही जुने आहे याची आठवण पत्ता लिहिताना आपोआप होते. इंदिरानगरचे तसे झाले नाही. तेथे आधीचे नाव बाजूला पडले, आणि ते परत आणण्यासाठी व्याख्यान ठेवावे लागते. नामकरण करणाऱ्यांनी वाईट हेतूने हे केले असे नव्हे; पण गावाचे नाव पुसले म्हणजे त्या गावाच्या लोकांची वहिवाटही विसरायला सोपी जाते.

भोसल्यांची सत्ता बंगळुरात पन्नास वर्षांच्या आसपास टिकली. व्यंकोजीराजे पुढे तंजावरला स्थिरावले. १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे तीन लक्ष रुपयांना गेले, असे सांगतात. हा व्यवहार विक्रीचा म्हणावा की इजाऱ्याचा, याविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. सभागृहात मात्र तीन लाखांचा आकडा ऐकताच हशा होतो, कारण श्रोत्यांपैकी प्रत्येकाला शंभर फुटी रस्त्यावरील जागेचे भाव ठाऊक असतात.

त्यानंतरचा वेगळा धागा आहे तो कारखान्यांचा, आणि त्यातही महाराष्ट्राच्या भूमीचा संबंध येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. इंदिरानगरच्या दक्षिणेकडील भागाच्या अधिकृत पत्त्यात आजही त्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे ‘एच.ए.एल.’ अशी येतात. शहर पूर्वेकडे सरकले यामागे हा कारखाना आणि त्याच्या जोडीने आलेले उद्योग हे मोठे कारण होय. इंग्रजांनी १८०९ मध्ये हलसूरच्या बाजूला छावणी वसवली तेव्हापासून पेठ आणि छावणी अशी दोन शहरे शेजारी शेजारी नांदत होती. १९४९ मध्ये दोन्हींची एकच महानगरपालिका झाली. बिन्नमंगल हे या दोन्हींच्या बाहेरचे खेडे. त्यामुळे पेठेच्या इतिहासकारांनी त्याकडे पाहिले नाही आणि छावणीच्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही ते दिसले नाही.

आता दगडांकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण खरी निकड तेथे आहे. राइसने नोंदलेल्या लेखांपैकी पुष्कळ दगड आता सापडत नाहीत. काही पायऱ्यांना लागले, काही पायांत गेले, काहींवर इतका रंग चढला की अक्षरे बुजली. २०१७ च्या सुमारास पी. एल. उदयकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या खंडाचे पान हातात घेऊन हे दगड शोधण्याचे काम आरंभिले. ही मंडळी व्यवसायाने इतिहासकार नव्हेत. २०१८ मध्ये हेब्बाळ येथे गटाराचे खोदकाम चालू असता एक दगड वर आला. त्यावर गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातील, सुमारे इ.स. ७५० चा कन्नड लेख होता. लढाईत पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा तो वीरगळ. बंगळूर परिसरातील हा सर्वांत जुना कन्नड लेख समजला जातो. जवळपासच्या रहिवाशांनी तो हलवू दिला नाही. वर्गणी जमली आणि त्यावर मंडप उभा राहिला.

आणि येथे व्याख्यानांचा उपयोग काय, हे कळते. दगड कायद्याने वाचतात असा समज आहे, पण शेतात किंवा रस्त्याच्या कडेला पडलेल्या दगडापर्यंत कायदा क्वचितच पोचतो. त्या दगडाशेजारी राहणाऱ्या चार माणसांना तो काय आहे हे ठाऊक असले, तर मुकादमाच्या हातातील पहार थांबते. त्या चार माणसांना ते कळावे कोठून? छापलेला नववा खंड ग्रंथालयात असतो, तो इंग्रजीत आणि रोमन लिपीतील पाठांनी भरलेला; रस्त्यावरच्या माणसाच्या हाती तो पडत नाही. बोललेला शब्द मात्र सभागृहातून घरी जातो. मात्र त्यासाठी तो कन्नडमध्येही बोलला गेला पाहिजे. इंग्रजीतील व्याख्यानाला वसाहतीतील रहिवासी येतात. दगड मात्र बहुधा देवळाच्या पुजाऱ्याच्या, फुलवालीच्या, जुन्या गावठाणातील गवळ्याच्या नजरेसमोर असतो. हे शोधक स्वतः देवळांच्या ओसरीवर आणि शाळांत जाऊन कन्नडमध्ये बोलतात, ही त्यांच्या कामाची मोठी जमेची बाजू आहे. सभागृहांच्या चालकांनी तिचा विचार करायला हवा.

मिथिक सोसायटीने २०२१ पासून बंगळूर परिसरातील शिलालेखांच्या त्रिमिती प्रतिमा घेण्याचे काम चालवले आहे. दगडावर प्रकाशाचे किरण टाकून त्याच्या पृष्ठभागाचा खोलगटपणा मोजायचा आणि संगणकावर तो उभा करायचा, अशी ही रीत. झिजून डोळ्यांना न दिसणारी अक्षरे त्यात वर येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या पाठांतील चुकाही दुरुस्त करता येतात. दगड उद्या नाहीसा झाला तरी अक्षरे राहतील. पण दगड ज्या जागी उभा होता ती जागा मात्र प्रतिमेत येत नाही, आणि स्थानिक इतिहासाचा अर्धा अर्थ जागेतच असतो.

व्याख्यान आटोपल्यावर डोमलूरच्या सभागृहातून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी चोक्कनाथस्वामीच्या देवळापर्यंत पायी जातो. देवळात नित्याची पूजा चालू असते, भाविकांची ये-जा असते. भिंतीच्या पायथ्याशी तमिळ अक्षरे आहेत. जवळ जाऊन, प्रकाश तिरपा असला तर, ती दिसतात. तलैक्काट्टु आणि त्याची पत्नी यांनी तळ्याचे उत्पन्न ज्या देवाला दिले होते, त्याच्यासमोर आजही दिवा लागतो. तेल आता भाविक आणतात.